घाम न येणारं फिरणं

वर्षाराणी पंधरवडाभर रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जात होती आणि घामाचा थेंबही न येता परत येत होती. झुंबरआत्याला इथेच शंका आली.

“आकाराम, लग्न ठरल्याली पोरगी हाय. कुठं जाती, बघ की जरा.”

पोरीचं संग्रामशी जमलंय हे कळल्यावर आकारामांनी महिनाभर अबोला धरला होता आणि मग स्वतःच सुपारी फोडली होती. अट एकच, लग्नापर्यंत भेटायचं नाही. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी बहीणभाऊ स्कूटरवरून तिच्या मागावर निघाले.

वर्षाराणी रंकाळ्याकडे वळलीच नाही. कोपऱ्यावर पांढरी गाडी उभी होती, मागच्या काचांना पडदे. ती आत शिरली. शेजारी एक टकलू गृहस्थ.

“ह्यो काय संग्राम न्हाय!” आकारामांनी फोन लावला. “संग्रामराव, कुठं हाय तुम्ही?”

“घरात, मामा. का ओ?”

“काय न्हाय,” म्हणताना त्यांचा आवाज असा कापला, की संग्रामने ठिकाण विचारून घेतलं आणि बुलेटला किक मारली.

“गाडीवर लाल अक्षर कसलं रं?”

“एल हाय, अक्का.”

“म्हंजे लव्ह! बोर्ड लावून हिंडत्यात!”

त्या घटकेला आकारामांना तेही पटलं. गाडी गचके खात निघाली होती. त्यांनी स्कूटर थेट पुढे घातली. गाडीला ब्रेक लागला, पण जरा उशिरा. स्कूटर आडवी झाली आणि भाऊबहीण कडेच्या वैरणीच्या ढिगावर जाऊन बसले.

“आबा! लागलं का?” वर्षाराणी स्टिअरिंग सोडून धावली.

तेवढ्यात संग्राम पोचला. “कोण हाय ह्यो?”

“गाडी शिकवणारे सर हायत. लग्नानंतर कुठं जायचं म्हटलं, की ‘कोण सोडतंय का’ म्हणत दारात उभं ऱ्हायचं न्हाय मला.”

“मग मला का न्हाय सांगितलंस?”

“तू म्हणला असतास, मी हाय की सोडाय.”

संग्रामने तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. 

मागचं दार उघडून त्याची आई, तानूबाई, खाली उतरली.

“आई? तू तर अंबाबाईला जाते म्हणालतीस!”

“जाणार की. शिकले, की माझी मी जाणार. घरात दोन गाड्या, आन् मी जल्मभर मागंच बसायचं व्हय? सुनंनंच आणलं मला. सरक, माझी पाळी हाय.”

तानूबाई स्टिअरिंगवर बसताच सासरे-जावई झटकन कडेला झाले. आत्या मात्र वैरण झटकत उठली आणि गाडीत मागे जाऊन बसली.

“अक्का, तू कुठं?”

“तू हो म्होरं. ह्या सासू-सुनंचं मला काय खरं दिसत न्हाय.” आत्याने दार ओढून घेतलं. “लक्ष ठेवाय नको? रोज यावं लागंल मला.”