अक्काचं घमेलं

अक्काला शेतातल्या भरीत पार्टीला कोणी बोलवत नाही, तरी ती येते. हातात रिकामं पोतं आणि घमेलं. भरिताकडे ढुंकूनही बघत नाही. तिला हवा असतो वांग्याखालचा कोळसा. कपाशीच्या काड्या पेटतात, वांगी अर्धीमुर्धी भाजतात, तोच ही बाई विस्तवावर घमेलं पालथं घालायला धावते. "राख झाली तर मना काय कामनी?" आम्ही चौघं आडवे होतो, म्हणून निदान वांगी तरी शिजतात.

देवपूरला ती माझी शेजारीण. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली, पण शिकवणं काही सुटलं नाही. गच्चीवर कोळसा कुटते, आम्लात भिजवते, धुते, पुन्हा भाजते. आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं काय होतं, ते विचारू नका. मी एकदा तणतणत वर गेलो, तर तिनं मलाच समोर बसवलं.

"कोळशात नुसती भोकंच भोकं. वर्गात बाकं पुष्कळ, पण कोणाला बसवायचं ते बाकांना ठाऊक नाही. ते मी शिकवते."

मग कोळशाच्या पिंपात तिनं कॅनमधलं पिवळंधमक पाणी ओतलं. खालच्या तोटीतून नितळ पाणी आलं. मी टाळी वाजवली.

"थांब. नितळ म्हणजे स्वच्छ नव्हे. उरलंसुरलं क्रोमियम प्रयोगशाळेतच कळतं."

ते पाणी जळगावचं, तिच्या धाकट्या भावाच्या कारखान्यातलं. तो लोखंडी वस्तूंवर क्रोमचा मुलामा चढवायचा आणि उरलेलं पाणी नाल्यात सोडायचा. अक्कानं समजावलं, भांडली, शेवटी स्वतःच प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. कारखान्याला कुलूप लागलं. पाणी शुद्ध करून दाखवलं तरच ते निघणार होतं.

"सख्ख्या भावाची तक्रार?" मी विचारलं.

"भाऊ मना शे. नाला बठ्ठासना शे, सगळ्यांचा," अक्का म्हणाली आणि तोटी उगाच पुसत राहिली.

तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. कॅन मात्र टेम्पोनं ये-जा करायचे. पाणी नापास झालं की भाऊ पुढचा कॅन पाठवायचा. चिठ्ठी नाही, फोन नाही. "रागावलाय, पण पाणी माझ्याकडेच पाठवतो ना," अक्का म्हणायची. ती भरीत का खात नाही, तेही तेव्हाच कळलं. लहानपणी दोघं एकाच ताटात खायची. "एकटीच्या घशाखाली उतरत नाही रे." एवढी खमकी बाई, पण ते ऐकून मला गलबलून आलं. पुढे कपड्यांवरच्या काजळीबद्दल मी ब्र काढला नाही.

परवाच्या पार्टीत अक्का नेहमीसारखी घमेलं घेऊन टपून बसली होती. बांधावरून एक टकले गृहस्थ कागद फडकवत आले.

"अक्का, पानी पास व्हयनं."

अक्कानं कागद घेऊन आकडे पुन्हा पुन्हा वाचले. मास्तरीणच ती. "हं. आता मोठी पिंपं लागतील," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. काजळी गालभर पसरली. भाऊ हसला, तशी तीही हसली.

"तू जेवना का?" तिनं विचारलं.

मी ताट वाढलं, मुद्दाम एकच. दोघं तिथेच जेवायला बसली. शेजारी विस्तवाची राख होत होती, आणि अक्का घमेलं पालथं घालून त्याच्यावरच बसली होती.