बुटकीच्या शेंड्याला हार

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळी झाडं रांगेत उभी होती. कारण ते जंगल आपोआप उगवलेलं नव्हतं, लावलेलं होतं. सगळी पाइनची झाडं, एकाच वयाची. उंची मात्र ज्याची त्याची.

त्या जंगलाचे मुख्य अधिकारी होते अस्वलसाहेब. दर वसंतात ते काठी घेऊन मोजणीला येत. सर्वांत उंच झाडाला हार. काठीपेक्षा बुटक्या झाडाला चुन्याची फुली. फुली म्हणजे तोड.

हार दरवर्षी धिप्पाडरावांना मिळे. फुली मिळाली शेजारच्या बुटकीला. ती बिचारी रडरड रडली.

"रडू नकोस गं," धिप्पाडराव वरून म्हणाले. "सगळ्यांना थोडंच जमतं?"

पण तोडीची फाइल तीन वर्षं साहेबांच्या टेबलावर पडून राहिली. म्हणून बुटकी जगली. फाइलींना उगाच नावं ठेवू नयेत.

तिसऱ्या वर्षी जंगलात सोंडकिडे आले. त्यांना जाडजूड, रसरशीत शेंडे आवडतात. बुटकीच्या काडीसारख्या शेंड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उंच झाडांचे शेंडे मात्र आतून पोखरले गेले, वाळले आणि मोडून पडले.

सुतारपक्षी धावत साहेबांकडे गेला.

"साहेब, मोठ्या झाडांना कीड लागलीय! आधी तिचं काहीतरी बघा!"

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "यात कीड कुठंच नाही. यात उंची आहे."

आणि ते काठी घेऊन निघाले. शेंडा गेलेले धिप्पाडराव आता काठीला चार बोटं कमी पडले. त्यांना फुली मिळाली. त्यांच्या सगळ्या उंच मित्रांनाही मिळाली. या वेळी फाइल आठवड्यात हलली आणि सगळे तोडले गेले.

तीन वर्षांत थोडी वाढलेली बुटकी आता रांगेत सर्वांत उंच होती! साहेबांनी तिची जुनी फुली स्वतः पुसली आणि शेंड्याला हार घातला. बुटकीला इतका आनंद झाला म्हणून सांगू! खरं सांगतो, मलाही झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक सोंडकिडा सहकुटुंब तिच्या शेंड्यावर उतरला.

"अभिनंदन, ताई!"

"अहो, पण मी तर परवापर्यंत बुटकी होते!" बुटकी घाबरून म्हणाली.

"मग परवापर्यंत आम्ही आलो होतो का?" किडा अदबीनं म्हणाला, आणि त्यानं सोंड आत खुपसली.

तात्पर्य (पाठ करा, परीक्षेला येतं): खुशाल मोठे व्हा. फक्त शेजारी आपल्याहून मोठा कोणीतरी शिल्लक आहे ना, हे रोज पाहत जा. आणि तो असेपर्यंत त्याचं तोंडभरून कौतुक करा.