सतरा वर्षांखालचे दामलेकाका

भारताने गोल केला की दामलेकाका टीव्ही बंद करतात. हरत असताना नाही. हरताना ते शेवटच्या शिट्टीपर्यंत जागचे हलत नाहीत. गोल झाला की मात्र उठतात, बटण बंद करतात आणि म्हणतात, "चला, एवढं पुरे."

याला कारण आहे. सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक आपल्याकडे झाला, तेव्हा यजमान म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला होता. आपण सगळे सामने हरलो. अख्ख्या स्पर्धेत आपला गोल एकच. त्या गोलने बरोबरी झाली, काका आनंदाने खुर्चीवर चढले, आणि ते खाली उतरायच्या आत समोरच्यांनी पुन्हा गोल घातला. काका खुर्चीसकट पडले. मनगट मोडलं.

लखनौच्या तेलीबागेत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी बँकेत, काका रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर, मूळचे मिरजेचे. मोठ्यांच्या संघाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. "ते कमावते आहेत. हरले तरी घर चालतं त्यांचं. पोरांचं काय?"

पोरांच्या संघाचा इतिहास ते कोणालाही ऐकवतात. एकदा भाजीवाल्याला दुधी निवडता निवडता म्हणाले, "भैया, बहुत पहले एशिया में हमारे लड़के चैंपियन थे. ईरान के साथ, ज्वाइंट."

"अच्छा? फिर?"

"फिर कुछ नहीं," काका म्हणाले आणि दुधी परत ठेवला.

काकूंनी यातूनही मार्ग काढला आहे. "मॅच असली की मी मऊ खिचडीच लावते," त्या मला म्हणाल्या. "हरल्यावर गिळायला सोपी जाते."

गेल्या वर्षी संघात लखनौचा एक मुलगा निवडला गेला. फैजान, चौक भागातल्या, चिकनचं भरतकाम करणाऱ्या एका कारागिराचा मुलगा. पेपरात कोपऱ्यात दोन ओळी आल्या होत्या. काका त्याच्या वडिलांना शोधून हात मिळवून आले. मग पात्रता फेरीचे सामने झाले आणि आपण बाहेर पडलो. फैजानला एकदाही मैदानात उतरवलं नाही.

तो परत येणार त्या दिवशी काका सकाळीच माझ्या दारात उभे. "स्कूटर काढ. चारबाग स्टेशनला जायचंय." हातात झेंडूचा हार.

"काका, हरलेत ते."

"मला माहीत आहे. मी पाहिलंय."

लग्नसराईचं काम सोडून वडिलांना येता आलं नव्हतं. फैजान एकटाच डब्यातून उतरला, संघाचा निळा टी-शर्ट उलटा घालून. नाव आत जावं म्हणून. काकांनी हार घातला तसा तो कावराबावरा झाला.

"अंकल, मैं तो खेला ही नहीं."

"हाँ बेटा. पता है."

"अगली बार उमर निकल जाएगी."

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही. शेवटी पोराने हार हळूच काढून पिशवीत ठेवला, वाकून नमस्कार केला आणि ऑटोत बसून निघून गेला.

मी म्हटलं, "चला काका, ऊन वाढतंय."

काका स्टेशनच्या पायऱ्यांवर बसले होते. "मलाही फुटबॉलच्या निवड कॅम्पमधून परत पाठवलं होतं," ते म्हणाले. "याच वयात. पुण्याहून. तार केली होती घरी, गाडी सांगून."

मला हे कधीच माहीत नव्हतं. बहुधा काकूंनाही नसावं.

"मग?"

"मिरज स्टेशनवर दुपारपर्यंत बसून राहिलो. वाटलं, वडील कामात अडकले असतील. घरी गेलो तर ते ओसरीवर पेपर वाचत होते. म्हणाले, पाय धू आणि जेवायला बस."

हमाल पेटी घेऊन आले, "हटिए बाबूजी" म्हणत बाजूने उतरून गेले. मी स्कूटर घेऊन आलो, तरी काका तिथेच बसून होते.