मांडवात मागे उभी असलेली माणसं

बाबारावजींच्या घरी देव फ्रीजवर असतात. देवघरात स्कॅनर आहे.

"बिनखिडकीची खोली एकच," ते सांगतात. "देवाले धूळ चालते, निगेटिव्हले नाई चालत."

सेलूला ते माझे शेजारी. उभा जन्म त्यांनी आसपासच्या गावांत लग्नाचे फोटो काढले. मोबाइल आल्यावर स्टुडिओ बंद केला. आता पेट्यांमधल्या जुन्या निगेटिव्ह एकेक करून कॉम्प्युटरवर चढवतात. भर मे महिन्यातही पंखा बंद. पाहुण्याने ओल्या फडक्याला हात पुसून आत जायचं आणि श्वास बेताने घ्यायचा. मी एकदा शिंकलो, तर आठ दिवस मला चहा दारातच मिळाला.

पडद्यावर ते धुळीचा ठिपका न् ठिपका काढतात, पण माणसाला हात लावत नाहीत. माझ्या लग्नाच्या फोटोत सासरचे एक काका तोंड उघडं टाकून झोपले आहेत. बायको म्हणाली, "तेवढे काढून टाका ना."

"आलते ना ते लग्नाले?"

"आले होते."

"मंग राहतीन."

राहिले. आमच्या बैठकीत ते चांगल्या मोठ्या फ्रेममध्ये झोपलेले असतात.

गेल्या उन्हाळ्यात हिंगणीहून शांताबाई नावाच्या एक बाई आल्या. साठीकडे झुकलेल्या. दारातच म्हणाल्या, "भाऊ, माह्या मायचा एक बी फोटो नाई. गावच्या लग्नाईत पोळ्या कराले जाये ते. तुमच्या कोनत्या फोटोत आली असन का?"

"चुलीपाशी कोन फोटो काढते, बाई?" बाबारावजी म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "कशी दिसे?"

"उच्ची. कपाळावर मोठं गोंदन."

पुढचे अकरा दिवस ते हिंगणीची लग्नं पाहत होते. नवरा-नवरी सोडून बाकी सगळं. शेवटी सापडली. नवरदेवाच्या मागे, हातात परात, नखाएवढी. त्यांनी ती मोठी केली, साफ केली. पण नवरदेवाच्या बाशिंगाने तिचा अर्धा गाल झाकला होता.

शांताबाईंसमोर प्रिंट ठेवताना बाबारावजींचा आवाज खाली गेला. "अर्धा गाल मले बनवता येते. पन तो तुमच्या मायचा नसन, माह्या हातचा असन."

बाईंनी फोटो छातीशी धरला. "अर्धाच राहू द्या, भाऊ. मायच आहे."

त्या गेल्यावर बाबारावजींनी पहिली पेटी पुन्हा उघडली. झालेल्या निगेटिव्ह परत कशाला काढता, मी विचारलं.

"एवढ्या लग्नाईत गेलो, मास्तर," ते म्हणाले. "दोघाईलेच पाहून वापस आलो. बाकीचे कोन होते, मले ठावच नाई."

परवा दुपारी त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर मांडवाच्या कोपऱ्यात एक म्हातारा पाण्याचा तांब्या घेऊन एकटाच उभा होता.

"पवनारचं लग्न आहे. तुमची बहीन तिथंच दिली ना? विचारा तिले, हा कोन. याले बी कोनी शोधत असन."

मी बहिणीला फोटो पाठवला. तिला ओळखता आला नाही.

रविवारी आम्ही दोघे पवनारला निघालो आहोत.