करीमभाऊ हर्रासवाले आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो करीमभाऊ हर्रासवाल्यांवर. यंदा, पोळ्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी सवाअकरा वाजता, आमच्या गावच्या जंगल डेपोत, चिंचेखाली. अन्याय करणारे दोघं. एक जंगल खातं, दुसरा हे लिहिणारा मी. खात्याविरुद्ध मी आजवर इतकी पत्रकं काढली आहेत की त्यांच्या शिपायानं त्यावर दोन हिवाळे शेगडी पेटवली. आज दुसऱ्या आरोपीचा नंबर आहे. पण आधी करीमभाऊ कोण, ते सांगायला पाहिजे.

करीमभाऊ हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे लिलाव. आता लिलाव पुकारणारा माणूस काय करतो? फुटक्या घागरीला गंगाळ म्हणतो आणि गळ्यात मारतो. करीमभाऊंचं सगळं उलटं. विकायला आलेल्या वस्तूची ते आधी चारचौघांत अब्रू काढत आणि मग बोली सुरू करत.

आमच्या भागात घराच्या छपराला दोन आडी, म्हणजे आडवी लाकडं, किंवा कुंपणाला चार बांबू जंगलातून आणताना माणूस खात्याच्या पासाशिवाय सापडला, की लाकडासकट त्याची बंडी जप्त होते. (बंडी म्हणजे बैलगाडी. पुण्याकडच्या वाचकांनी उगाच छातीला हात लावून पाहू नये.) त्याच रस्त्यानं ठेकेदाराचे ट्रक सागाचे ओंडके घेऊन जातात, तेव्हा नाक्यावरचा दांडा अदबीनं वर होतो. तर जप्तीची बंडी डेपोत ऊनपाऊस खात पडायची आणि निकाल लागला की हर्रासीला यायची. शुक्रवारी करीमभाऊ स्टुलावर चढायचे. टोपी सरळ करायचे. घसा खाकरला की चिंचेवरचे कावळे उडायचे.

“पाहून घ्या भाऊ हो! ही बंडी हाय असं ऑफिसवाले म्हनतात. मी नाई म्हनत! इचं डावं चाक गोंडपिपरीले जाते, उजवं पोंभुर्ण्याले. बसनारा कुठी जाते, ते मले इचारू नका!”

लोक हसून लोळायचे. आतून साहेब ओरडायचे, “करीम, माल विकायचाय आपल्याला!” करीमभाऊ तिकडे न बघता म्हणायचे, “वस्तू बोलत नाई साहेब, म्हनून मले बोला लागते.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कशालाही लावायचे.

हा धंदा त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा. आजा ढोलकी वाजवून हर्रास पुकारायचा, बाप घंटा वाजवून. करीमभाऊंना वाद्याची गरज पडली नाही. तलावाची मासळी, देवस्थानचे आंबे, बदली झालेल्या साहेबाचं फर्निचर, सगळं त्यांच्याच घराण्याच्या तोंडून गेलं. गावात असं घर नाही ज्यात ह्या घराण्यानं बदनाम केलेली एक तरी वस्तू नाही. आमच्याकडे एक कपाट आहे. माझ्या बापानं ते घेतलं तेव्हा करीमभाऊ म्हणाले होते, “ह्या कपाटात साहेब आपली इमानदारी ठेवत होते. उघडून पाहा, रिकामंच हाय!” बदली झालेले साहेब तेव्हा शेजारीच उभे होते. ते सगळ्यांत मोठ्यानं हसले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मी त्यांच्या समोरच्याच घरात राहतो. त्यामुळे ही सवय डेपोपुरती नव्हती, हे मी कानांनी सांगू शकतो. रोज दुपारी बाराला हमीदाबीच्या स्वयंपाकाची हर्रास व्हायची. “ह्या भाजीत वांगं सोडून सारं हाय!” हमीदाबी आतून म्हणायची, “मंग सोडा. समोरच्या पोट्ट्याले देते.” तो पोट्टा म्हणजे मी. मला आजवर एक फोडसुद्धा मिळाली नाही. करीमभाऊ बोलत बोलत कढई पुसून खायचे.

त्यांच्या एकुलत्या पोरीला, शबनमला, राजुऱ्याचे पाहुणे बघायला आले तेव्हा तर कमाल झाली. चहा झाला, आणि करीमभाऊ सुरू. “पाहून घ्या. उंची कमी, आवाज जास्त. सकाळी उठत नाई, उठली तं बसत नाई. चाय असा करते का दुसऱ्यांदा कोनी मागत नाई.” हमीदाबीनं कपाळाला हात लावला. मुलाच्या बापानं कप पुढे केला आणि म्हणाला, “आमाले दुसरा कप पाह्यजे.” सोयरीक जमली. सगळं घर खूश झालं, आणि करीमभाऊ मात्र चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, म्हातारं विक्षिप्त आहे. मला तेव्हा बरंच काही वाटायचं.

आता माझं काम. मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहितो. सायक्लोस्टाईल यंत्र आमच्याच पडवीत आहे. ‘मिलीभगत’ हा शब्द मी इतका लिहिला आहे की माझी बोटं झोपेतही तो लिहीत असतील. डेपोतल्या हर्रासीवर माझा डोळा होताच. दर शुक्रवारी मी मागे उभा राहून टिपणं काढायचो, आणि एकदा मला पुरावा सापडला.

करीमभाऊंचं ‘एक, दोन, तीन’ सारखं नव्हतं. ठेकेदारानं सागाच्या ढिगावर बोली लावली, की ‘एक’ व्हायचं, ‘दोन’ व्हायचं, आणि मग करीमभाऊ बिडी काढायचे. काडी शोधायचे. हवापाण्याच्या गप्पा मारायचे. तोवर दुसरा कुणी बोली वाढवायचा. पण जप्तीच्या बंडीवर असं नाही. तिथं पहिल्यांदा तिची पुरेशी बदनामी व्हायची, ठेकेदाराची माणसं तोंड फिरवायची, मागे उभा असलेला एखादा लुंगीवाला भीत भीत हात वर करायचा, आणि करीमभाऊ ‘एकदोनतीन’ असा एकच शब्द उच्चारून स्टुलावरून खाली उतरलेले असायचे. मी घड्याळ लावून पाहिलं. बिडीवाला ‘दोन’ आणि हा ‘दोन’ ह्यांत जमीनअस्मानाचा फरक.

मी निष्कर्ष काढला: माल मुद्दाम पाडला जातोय. लुंगीवाले म्हणजे ठेकेदाराचे हस्तक. म्हातारा विकला गेलाय.

पत्रक काढलं. मथळा होता, ‘डेपोत कुणाची मिलीभगत?’ शेवटी ठळक अक्षरांत मागणी: तोंडी बोली बंद करा! बंद लिफाफ्यात निविदा घ्या!

बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर करीमभाऊंनी ते हातात घेतलं. मी धीट चेहरा करून उभा होतो. ते बाकावर चढले. “पाहून घ्या भाऊ हो! हे पत्रक हाय असं हा पोट्टा म्हनते. कागद पातळ. शाई हाताले लागते. भजे बांधले तं तेल गळते. आन् मजकूर...” इथं त्यांनी पत्रक उलटं धरलं, सुलटं धरलं, माझ्याकडे बघितलं. “अक्षर चांगलं हाय,” एवढंच म्हणाले. घडी घालून खिशात ठेवलं आणि गेले.

महिन्याभरात खात्यानं माझी मागणी मान्य केली. माझी मान्य झालेली ही पहिलीच मागणी. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी पेढे वाटले.

आणि तो शुक्रवार आला.

स्टूल नव्हतं. टेबल होतं, त्यावर पत्र्याची पेटी, पेटीत लिफाफे. करीमभाऊंना काही काम नव्हतं, तरी ते टोपी घालून आले होते आणि चिंचेला टेकून उभे होते. समोर एकच बंडी होती, येरगुड्याच्या लालसूची. लालसू गोंड शेतकरी. भावाच्या घरासाठी आडी आणताना सापडलेला. तो बंडीच्या चाकावर हात ठेवून उभा होता. त्या डाव्या चाकाचा एक आरा बाकीच्यांपेक्षा पांढरा होता. जुना मोडला म्हणून लालसूनंच घडवून बसवलेला. त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा होता, लुंगी नेसलेला. दोघं पहाटेच चालत निघाले होते. लिफाफ्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी पत्रक काढलं होतं. ते येरगुड्यात वाचणार कोण?

ऑफिसातल्या कारकून बाबूनं पेटी उघडली. त्याच वेळी मेहुण्यानं हात वर केला.

बाबू लिफाफा फाडत होता. मेहुण्यानं हात आणखी वर केला. टाचा उचलल्या. लालसूनं करीमभाऊंकडे बघितलं. करीमभाऊंचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता.

बाबू म्हणाला, “हात खाली घ्या. शाळा आहे का ही?”

पेटीत एकच लिफाफा होता, ठेकेदाराचा. बाबूनं रक्कम अशी वाचली जशी तो रजेचा अर्ज वाचतो. ना एक, ना दोन, ना तीन. बंडी गेली. मेहुण्याचा हात तरी वरच होता. लालसूनं तो धरून खाली आणला.

“आता बंडी कवा भेटन, भाऊ?” त्यानं करीमभाऊंना विचारलं. “दर वेळी तं तुमी बोलता, मंग बंडी घरी येते. आमच्या गावात समद्यांच्या आल्या.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याची बंडी, त्याला ऑफिसवाले बोली लावू देत नसत. म्हणून मेहुणा यायचा. लुंगीवाले हस्तक नव्हते, मेहुणे होते. बंडी इतकी बदनाम करायची की ठेकेदारानं तिच्याकडे बघू नये, आणि मग मेहुण्याचा हात दिसला की श्वास न घेता तीन म्हणायचं. करीमभाऊंना बोलीवर दलाली मिळायची. बोली पाडली की त्यांचं स्वतःचंच कमी व्हायचं. एवढं साधं गणित मी घड्याळ लावूनसुद्धा केलं नव्हतं.

ठेकेदाराची माणसं बैल आणायला गेली. करीमभाऊ बंडीजवळ आले आणि आडवे होऊन बंडीखाली शिरले. सत्तरीचा माणूस, धुतलेला पायजमा. मला वाटलं, धक्क्यानं गेलं म्हातारं. मीही खाली शिरलो.

त्यांच्या हातात खिळा होता. ते खालच्या फळीवर काहीतरी कोरत होते.

“काय करून राह्यले, भाऊ?”

“डोया नाई का तुले? लिहून राह्यलो.” लालसू, येरगुडा. अक्षरं वाकडी, पण खोल. “जी बंडी हातून सुटते, तिच्यावर लिहितो. माहा बाप लिहित होता. थोड्याच सुटल्या. पर सुटल्या.”

“कशाला?”

“वस्तू बोलत नाई ना, बापू. कोनाले इचारावंसं वाटलं तं सापडलं पाह्यजे.”

मी म्हणालो, “भाऊ, तुम्ही मला आधी काऊन नाही सांगितलं?”

त्यांनी खिळ्यावरची भुकटी फुंकली. ती माझ्या डोळ्यात गेली. “सांगतलं असतं तं तू छापलं असतं.”

  छापलंच असतं. मथळ्यासकट.

त्याला आता चार महिने झाले. करीमभाऊ अजून दर शुक्रवारी टोपी घालून डेपोत जातात, चिंचेखाली बसतात आणि बाबू लिफाफे फाडतो ते बघून परत येतात. पण जास्त वाईट गोष्ट घरची आहे. पंधरा दिवसांपूर्वी भरदुपारी हमीदाबी पदर सावरत आमच्या दारात आली. तोंड पांढरं पडलेलं.

“चाल लवकर. याहिले काई तरी झालं.”

मी धावलो. करीमभाऊ ताटावर व्यवस्थित बसले होते. वांग्याचीच भाजी होती. अर्धी ताटात तशीच.

“काय झालं?” मी विचारलं.

हमीदाबी म्हणाली, “म्हनतात, भाजी चांगली झाली.” आणि ती रडायला लागली.

मी त्यांच्यापुढे बसलो.  म्हणालो, “भाऊ, हे सगळं मी लिहू का?”

“लिही,” ते म्हणाले. “आता लपवाचं काई उरलं नाई. पर त्या बंडीचं आधी लिही. माहं मंग.”

मी उलटं केलं. सवय. पण आता बंडीचं.

ठेकेदारानं ती गोंडपिपरीच्या बाजारात विकली. कुणाला, ते तो सांगत नाही. मी तीनदा विचारलं, तिसऱ्या वेळी त्यानं कुत्रं सोडलं. लालसूनं यंदाचं धान डोक्यावरून वाहिलं. तेव्हा खात्याकडे माझी ह्या वेळी काहीच मागणी नाही. मागणी तुमच्याकडे आहे.

तुम्ही गोंडपिपरीच्या बाजाराला येणाऱ्या दोन जिल्ह्यांत कुठंही राहत असाल आणि तुमच्या, शेजाऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या अंगणात जुनी विकत घेतलेली बंडी असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि उठा. डावं चाक बघा, एक आरा पांढरा आहे का. नसला तरी वाका. कपडे मळतील, मळू द्या. फळीवरची माती हातानं पुसा. खिळ्यानं कोरलेलं दुसरं कुठलंही नाव असलं तरी चालेल, अशा आणखी आहेत. नाव सापडलं की बैल जुंपा आणि बंडी त्या माणसाच्या दारात नेऊन उभी करा.

पत्ता मला विचारू नका. तो फळीवर आहे.