गिरडकर काकूंचा जावक डबा

गिरडकर काकू रोज सकाळी पेपरातली माणसं वाचवतात.

चहा झाला की कात्री घेतात, कालचा पेपर मांडीवर पसरतात आणि एकेक चेहरा कापून बाजूला ठेवतात. आधी देव. मग श्रद्धांजलीतले आजोबा-आजी. मग वाढदिवसाचे नेते, गुणवंत विद्यार्थी, लग्न जमवणाऱ्या मंडळाचे नवरदेव. बनियनच्या जाहिरातीतल्या माणसालासुद्धा त्या सोडत नाहीत. "कोनाचा तरी पोरगा आहे तो," म्हणतात. मग उरलेल्या भोकाभोकांच्या पेपरातून वीतभर रुंदीचे चौकोन निघतात, ते शर्टाच्या रिकाम्या खोक्यात बसतात आणि खोकं वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जातं.

पहिल्या दिवशी ते खोकं बघून मला वाटलं, नागपुरात बाथरूममध्ये बसून पेपर वाचत असतील. मी दोन चौकोन वाचलेही. एकात सोयाबीनचा भाव होता, तोही अर्धा.

"ते पॅड गुंडाळाले आहे वं," काकूंनी सांगितलं. "अन् मानसाच्या तोंडात काही गुंडाळत नसतात."

मी आजऱ्याकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. ज्या ठेकेदाराकडे कोल्हापुरात पोळ्या लाटत होते, त्याला इकडे मिहानमधल्या एका कंपनीचं कॅन्टीन मिळालं आणि लाटण्यासकट मीही इकडे आले. तिथून जवळच, बेसा भागात, काकूंच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली. एवढ्या लांब ओळखीचं कुणी नाही. ही खोली गेली तर जायचं कुठं, हा विचार मी रोज करायची. बादली जरा जोरात ठेवली तरी दार उघडून कुणी ओरडतंय का बघायची.

काकू जिल्हा परिषदेत होत्या, आवक-जावकच्या टेबलावर. नोकरी संपली, टेबल संपलं नाही. घरात दूध येतं ती आवक, कचरा जातो ती जावक. फोनला उत्तर द्यायचं राहिलं की ते प्रलंबित. आम्हा मुलींची नावं त्यांनी घेतली नाहीत कधी, गावं घेतली. "ए भंडारा, गॅस बंद कर." "ए कोल्हापूर, जेवली का?" भंडाऱ्याची ती श्वेता, माझ्या खोलीतली; बाजूच्या खोलीत आणखी एक मुलगी. आणि पुणं नि त्याच्या पलीकडचं सगळं त्यांच्या हिशेबी एकच गाव होतं. पुण्यात त्यांचा मुलगा. तिकडे पाऊस पडला की मला विचारायच्या, "तुमच्याकडे पानी साचलं म्हनते?"

बाथरूममध्ये खोक्याशेजारी झाकणाचा एक पत्र्याचा डबा होता. त्यावर रंगानं लिहिलेलं: जावक. त्यात आतून काळी पिशवी. गुंडाळलेलं त्यात टाकायचं, झाकण लावायचं, संपलं. सकाळी कचऱ्याची गाडी आली की काकू स्वतः येऊन पिशवीला गाठ मारून खाली नेत. गाडीवाल्याला सांगून ठेवलेलं, ही पिशवी उघडायची नाही, वेगळ्या कप्प्यात टाकायची. आमच्यापैकी कुणाला ती हातात घेऊन समोरच्या टेलरसमोरून जायला लागलं नाही.

आणि भिंतीवर टाइप केलेली नोटीस, खाली गोल शिक्क्यासारखी सही: "संडासात पाणी व कागद यांव्यतिरिक्त काहीही टाकल्यास व चोक झाल्यास, संबंधित मुलीने त्याच दिवशी सायंकाळपर्यंत सामान उचलावे."

श्वेतानं एकदा ओल्या टिश्यूचं पाकीट आणलं होतं. त्यावर पान, पाण्याचा थेंब आणि 'फ्लशेबल'. काकूंनी ते जप्त केलं नाही. त्यांनी बादली मागवली.

"टाक एक."

श्वेतानं टाकला. काकूंनी जुन्या उलथन्यानं ढवळायला घेतलं. तोंडानं मारुतीस्तोत्र चालू, ते एकदा पूर्ण झालं. दुसऱ्यांदा झालं. मग त्यांनी तो रुमाल बाहेर काढला, पिळला आणि दोरीवर वाळत घातला. दुपारी त्यानं फ्रीज पुसला.

"पन काकू, पाकिटावर लिहिलं आहे ना," श्वेता म्हणाली.

"बिस्किटाच्या पाकिटावर गाय असते. निंगते का आतून?" काकू म्हणाल्या. "पाइपात गेलं म्हनजे जावक नाही होत वं. ते प्रलंबित होते."

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी पुढचं केलं ते मीच.

झालं असं, की मला त्या काळ्या पिशवीची लाज वाटायला लागली. मी टाकते याची नाही, काकू ती नेतात याची. माझ्या आईपेक्षा मोठी बाई. गुडघे दुखतात, एका हातानं कठडा धरत जिना उतरते, दुसऱ्या हातात माझी घाण. गावी आईनं स्वतःच्या आईलासुद्धा असं काही करू दिलं नसतं. मी बाजूला उभी राहून बघायची आणि कानाच्या पाळ्या तापायच्या. एकदा म्हटलं, "काकू, मी नेते." तर म्हणाल्या, "हे टेबल माह्यं आहे."

तेवढ्यात कंपनीत एका बाईनं नमुन्याचे पॅड वाटले. पाण्यात विरघळणारे, म्हणाली, फ्लश करा, कुणाला काही कळणार नाही, कुणाला काही उचलावं लागणार नाही. त्यातलं 'उचलावं लागणार नाही' एवढंच माझ्या डोक्यात बसलं. बादलीची परीक्षा घ्यायला हवी होती. पण बादली मागितली की काकूंना कळणार, आणि त्यांना कळू नये म्हणून तर सगळं. तीन दिवस मी मोठ्या समाधानानं फ्लश ओढला. काकूंची पिशवी तेवढीच हलकी.

रविवारी सकाळी खालच्या मोरीतून पाणी वर आलं.

आमचं आणि शेजारच्या ठवकर साहेबांचं चेंबर एकच. ते टॉवेल गुंडाळूनच आले. नत्थूभाऊ प्लंबर आला, चेंबरचं झाकण काढून बांबूची लांब कमटी आत सारली. आम्ही जिन्यात उभ्या. श्वेता माझ्याकडे बघेना, म्हणजे तिला कळलं होतं. मी मनात बॅग भरायला घेतली होती. दोन साड्या, तीन ड्रेस, लाटणं.

कमटीच्या टोकाला अडकून ते वर आलं. एक, आणि त्याला चिकटून दुसरं. विरघळायचं सोडून चांगलं फुगलेलं.

"हे पाहा," नत्थूभाऊ म्हणाला. कमटी तशीच उंच धरलेली, सगळ्यांना दिसेल अशी. "हे कोनाचं आहे?"

ठवकर साहेबांनी जिन्याकडे बघितलं. आम्हा एकेकीकडे.

"माह्यं," काकू म्हणाल्या.

नत्थूभाऊनं कमटीकडे बघितलं, मग काकूंच्या पांढऱ्या केसांकडे.

"तुमचं, काकू?"

"हाव. काहून? माह्या घरातला पाइप, माह्या घरातली वस्तू. ते खाली घे आधी. झेंडावंदन आहे का?"

ठवकर साहेब खाकरले. "नाही, म्हणजे, या वयात तुम्हाला..."

"वयाचा दाखला पाहिजे का तुमाले? टॉवेल बदलून या, मंग दाखवतो."

साहेब गेले. काकूंनी कमरेला खोचलेला पेपरचा एक चौकोन काढला, ते दोन्ही त्यात गुंडाळलं, अगदी नीट, कडा आत दुमडून, आणि नत्थूभाऊला म्हणाल्या, "तू चहा घेशील का गा?"

मी वर जाऊन खरंच बॅग काढली. नोटीस होती आणि संध्याकाळपर्यंत मुदत होती. काकू आल्या तेव्हा ड्रेसच्या घड्या चालल्या होत्या.

"कुठं निंगाली?"

"काकू, ते माझं होतं."

"मले का माहीत नाही? तीन दिवसांपासून जावकमध्ये कोल्हापूरचं काहीच नाही. मी म्हटलं, पोट्टीची तब्येत तं बिघडली नाही?" त्या खाटेवर बसल्या. "काहून केलं पन?"

मी सांगितलं. गुडघे, जिना, पिशवी, सगळं. सांगताना रडायला आलं ते वेगळंच. काकू ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता हसतील.

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात," मी म्हटलं.

"अर्धंच." काकू म्हणाल्या. "खोक्यातले चौकोन एवढे रोज कोन संपवते, वाटते तुले? तुम्ही तिघी का?"

मी कधी मोजले नव्हते.

दोन वर्षं झाली म्हणाल्या. खोकला आला, शिंक आली की सांभाळलं जात नाही. पॅड लागतात, मोठे, म्हाताऱ्या माणसांचे. इथं स्वतःचं घर, स्वतःचा डबा, काही अडत नाही. पण मुलाकडे पुण्याला गेल्या, तर तिथं कचऱ्याचा डबा एकच, तोही स्वयंपाकघरात. सुनेसमोर, नातवासमोर काय घेऊन जाणार? दुकानात तसल्याच पॅडचं पाकीट दिसलं. पान, थेंब, फ्लशेबल.

"मीनंही पाकिटावरच भरोसा ठेवला," काकू म्हणाल्या. "बादली-बिदली तवा सुचली नव्हती. चौथ्या दिवशी चोक. प्लंबर आला, सोसायटीचे दोघं आले. असंच काढलं, असंच धरलं. पोरानं सुनेकडे पाह्यलं. सगळेच तिच्याकडे पाहून राहिले. कोनाले वाटन का, म्हातारीचं असन? ती मान खाली घालून उभी. अन् मी चूप."

बाहेर नत्थूभाऊ बादलीनं पाणी ओतत होता, ते ऐकू येत होतं.

"पोरगा दर महिन्याले म्हनते, ये. मी म्हनतो, पेपर बंद करता येत नाही." त्यांनी माझ्या बॅगेतलं लाटणं उचलून खिडकीत ठेवलं. "हे इथंच राहू दे."

मी ड्रेस पुन्हा खुंटीला लावले. दुसरं काय करावं कळेना.

"काकू," मी शेवटी म्हटलं, "मग ते अजून प्रलंबितच आहे."

असं बोलायची माझी काय पात्रता. जीभ चावली मी. काकूंनी माझ्याकडे बघितलं, कार्यालयात एखाद्या नवख्या माणसानं नेमकी चूक दाखवल्यावर बघतात तसं. मग फोन काढला. चष्मा नव्हता, म्हणून सुनेचा नंबर मलाच लावायला दिला.

"रश्मी? हाव, बरी आहे. जेवली. ऐक, ते मागं तुमच्याकडे पाइपात निंगालं होतं ना." इथं त्यांनी माझं मनगट धरलं. "ते माह्यं होतं."

पलीकडचं मला काही ऐकू आलं नाही. काकू नुसत्या "हाव" म्हणत होत्या. बऱ्याचदा म्हणाल्या. मधे एकदा पदरानं नाक पुसलं. फोन ठेवला तरी माझं मनगट काही सुटलं नव्हतं.

"तिले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. ये म्हनून राहिली."

मग उठल्या, बाथरूममधून शर्टाचं खोकं आणलं आणि अंगठ्यानं चौकोन मोजत म्हणाल्या, "काहून वं कोल्हापूर, तुमच्या पुन्याकडचा पेपर किती पानाचा असते?"