कपाटातला ज्वालामुखी

"तुझ्या खोलीतलं ते जुनं कपाट विकून टाकलं," असं बाबांनी सांगितलं, तेव्हा बब्याच्या हातातला चहाचा कप पडायचा तेवढा राहिला.

"विकलं? कधी?"

"सकाळी. दोन हमाल तुझ्या उशाशी उभे राहून 'जरा तिरपं घे, जरा तिरपं घे' करत होते, तू कूससुद्धा बदलली नाहीस. दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त सिस्टर राहतात, त्यांनी घेतलं. कपाटाच्या जागी आता तुला टेबल करू. बसून लिही काय लिहायचं ते."

बाबांचा हेतू चांगला होता, आणि तीच पंचाईत होती. भांडायलाही जागा नव्हती.

घरातला हा बब्या बाहेर 'ज्वालामुखी' नावाने रॅप करत असे. सहा वर्षं तो स्वतःच गाणी लिहीत होता, स्वतःच म्हणत होता आणि स्वतःच इंटरनेटवर चढवत होता. कंपनी नाही, मॅनेजर नाही. चौदा गाणी झाली होती आणि नियमित ऐकणारे होते एकशे नव्वद. त्यांत बाबा नव्हते. "ऐकेन सवडीने," असं ते पहिल्या गाण्याच्या वेळी म्हणाले होते आणि ती सवड अजून यायची होती. बब्या हसून सोडून देई, पण ते त्याला लागे.

आता गावातल्या मोठ्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा होता आणि सुरुवातीला एका नव्या कलाकाराला संधी मिळणार होती. नवं गाणं पाठवायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. दोन कडवी रेकॉर्ड झाली होती, तिसरं राहिलं होतं. मंचावर उभा राहिलो तर बाबा यायला नाही कसं म्हणतील, असा बब्याचा साधा हिशेब होता.

आणि कपाट गेलं होतं! घरी तो ऐटीत सांगे, "मित्राचा स्टुडिओ आहे." प्रत्यक्षात आईबाबा बाहेर पडले की तो माइक घेऊन त्या कपाटात शिरे आणि रजयांच्या मधोमध मांडी घालून बसे. आवाज असा घट्ट येई की ऐकणाऱ्याला खरंच स्टुडिओ वाटे. थाप इतकी पक्की बसली होती की बाबांनी बिनघोर स्टुडिओ विकून टाकला.

बब्याने पांघरुणात शिरून म्हणून पाहिलं, तर विहिरीतून बोलल्यासारखं वाटलं. न्हाणीघरात प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला. शेवटी साडेचारला माइक पिशवीत घालून त्याने सिस्टरांची घंटा वाजवली.

"मी कपाटवाल्यांचा मुलगा. मला जरा आत बसू द्याल?"

"ये की. खुर्ची घे."

"खुर्चीत नाही. कपाटात."

सिस्टरांनी चाळीस वर्षं छातीच्या विकारांच्या वॉर्डात काढली होती. त्यांनी आधी त्याची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि मगच सगळी हकीकत ऐकून घेतली.

"बस. पण माझ्या घड्या मोडायच्या नाहीत."

कपाट एका दिवसात काठोकाठ भरलं होतं. स्वेटर, चादरी, आणि सगळीकडे मुक्त हस्ताने पेरलेल्या डांबरगोळ्या. ज्वालामुखी आत शिरला आणि पहिल्याच ओळीला सलग पाच वेळा शिंकला. गोळ्या बाहेर काढाव्यात म्हटलं, तर सिस्टर म्हणाल्या, "मग कसर काय तू खाणार?" शेवटी त्यांनी त्याच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. मग कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. त्याला पाठ लावून सिस्टर स्वतः उभ्या राहिल्या.

"तिसऱ्या ओळीला श्वास तुटतोय तुझा," त्या बाहेरून म्हणाल्या. "खांदे उचलू नकोस. पोट फुगव. हं, आता सोड सावकाश."

पंधरा दिवस जी ओळ अर्ध्यावर मोडत होती, ती पाच चाळीसला सरळ पार झाली. हेडफोन कानाला गच्च, डोळे मिटलेले, नाकावर चिमटा, आणि बब्या म्हणत सुटला,

"घरभर फिरून दिवे विझवतो, बाप माझा कडक,
शब्द त्याचे मोजून चार, तेही नुसते खडक;
मी परतेस्तोवर जिन्यातला मात्र दिवा जळत राहतो,
सकाळी म्हणतो 'विसरलो', आणि पेपर उलटा पाहतो!"

समाधानाने त्याने हेडफोन काढले, तर बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"कपाटाची एक फळी घरीच राहिली होती, ती द्यायला आलो," बाबा बोलत होते. "हे आत काय वाजत होतं?"

"रेडिओ," सिस्टर म्हणाल्या.

"कपाटात?"

"बाहेर ठेवला की धूळ बसते."

"कोण पोरगा आहे? नाकात बोलतो, पण शब्द न् शब्द कळतो. आमचा एक आहे, तोही असलंच काहीतरी करतो म्हणे. त्याला हे ऐकवायला पाहिजे."

आत बब्याने फोनवरून गाणं पाठवायला घेतलं. रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

"काय म्हणाला तो, जिन्यातला दिवा?" बाबा म्हणाले. "रात्रभर? शुद्ध उधळपट्टी. कसला बाप म्हणायचा!"

"तुम्ही नाही का ठेवत?"

"मी? छे. कधी विसरतो, तेवढंच."

मग 'विसरतो...' असं बाबा स्वतःशीच पुन्हा पुटपुटले. सिस्टरांनी चहा विचारला, बाबांनी नको म्हटलं. दार लागल्याचा आवाज आला. सहाला चार मिनिटं असताना गाणं पोचलं आणि बब्या डोळ्यांतलं पाणी पुसत बाहेर आला. डांबरगोळ्या फार झोंबतात, असं तो सिस्टरांना म्हणाला.

आठवड्याने निवड झाल्याचं पत्र आलं. बब्याने घरी अवाक्षर काढलं नाही. बाबांना कसंही करून मैदानावर न्यायचं आणि तिथेच चकित करायचं, असा त्याचा बेत होता. पण तो विषय काढणार, एवढ्यात बाबांनीच खिशातून तिकीट काढून टेबलावर ठेवलं.

"शनिवारी मैदानावर गाणी आहेत. जाणार आहे मी. पहिली रांग."

"तुम्ही? गाण्यांना?" बब्याला आनंद लपवता येईना. "मग माझंही काढायचं ना, बाबा!"

बाबांनी पेपर उघडून चेहऱ्यासमोर धरला.

"गाणाऱ्याला तिकीट कुठे लागतं?"